किनेटिक होंडा ४८च्या पुढं जात नाही. आत कुणी काही बसवलंय का?

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी. आजोबांची किनेटिक होंडा, ९१चं मॉडेल, नऊ वर्षं पडवीत पोत्याखाली उभी होती. दिवाळीच्या सुट्टीत बाहेर काढली. टाकी धुतली, कार्बोरेटर दोनदा खोलला, नवा प्लग, नवी बॅटरी. ऑइलच्या टाकीत काकवी झाली होती, ती उपसून नवं टू-टी भरलं. बटणावर चालू झाली! आवाज ऐकून आजी हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली.

आता दुखणं सांगतो. चाळीसपर्यंत गाडी झकास उचलते. मग इंजिन नुसतं ओरडायला लागतं आणि काटा ४८वर चिकटतो. वाढे फाट्याकडच्या सपाट रस्त्यावर तीनदा बघितलं. उतारावर फार तर ५०. बाबा म्हणतात, "९६ला मी यवतेश्वरच्या वळणावर पडलो, तेव्हापासून तिचा दमच गेलाय." पण ज्याला विचारावं तो सांगतो, ही गाडी ७०ला आरामात जायची.

यूट्यूबवर युरोपातली पोरं स्कूटर खोलून आतनं एक वॉशर काढतात आणि ४५ची गाडी ७० पळते. तसलं काही आपल्या गाडीत असतं का? एका गॅरेजवाल्यानं बघता बघता "बोअर-पिस्टन करून टाकू, सात हजार" असं सांगितलं, म्हणजे सिलिंडर घासून नवा पिस्टन. मला शर्यत लावायची नाही. डबलसीट कासला जाऊन यायचंय, मागच्या एसटीचा हॉर्न न खाता.

प्लगसाफ

नऊ वर्षं उभी गाडी बटणावर चालू झाली? आधी कंदी पेढे वाटा, मग प्रश्न विचारा.

भडंगवाला

सायलेन्सर चोंदलाय, दुसरं काही नाही. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, त्याचा कार्बन एक्झॉस्ट पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर पडायच्या भोकाच्या, तोंडाशी आणि सायलेन्सरच्या नळीत साठतो. सांगलीत आमच्या चेतकचा सायलेन्सर काढला तेव्हा त्यातनं करंगळी जात नव्हती. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवायचा, सकाळी धुवायचा. जमलं तर हेड (सिलिंडरचं झाकण) उतरवून पिस्टनचा माथाही खरवडून घ्या. पण लाकडी पट्टीनं, स्क्रूड्रायव्हरनं नाही.

प्लगसाफ

भडंगवाले, एक जोडा त्याला. सोडा फक्त लोखंडी सायलेन्सरला. हेड आणि ब्लॉक ॲल्युमिनियमचे असतात, ते सोड्यात घातले तर फेस येऊन खाल्ले जातात. आमच्या गल्लीतल्या एका हुशारानं हेड टाकलं होतं. सकाळी बघितलं तर चाळण.

आरएक्स_नाद

भावा कशाला सोडाबिडा. कराडला ये. यामाहा आरएक्सचा कार्बोरेटर टाकू, एक्झॉस्ट पोर्ट दोन मिलिमीटर वर घासू, हेड खरवडून कॉम्प्रेशन वाढवू. ९८ सीसी आरएक्स १०० पण आणि ९८ सीसी तुझी किनेटिक पण. तिला ११ बीएचपी, तुझीला ७.७. मधले सव्वातीन घोडे कुठं गेले? ते बाहेर काढायचे. नाद खुळा!!

आइंडहोव्हनचा_मिरजकर

त्या व्हिडिओंबद्दल मी सांगू शकतो, कारण ती पोरं माझ्या गल्लीत राहतात.

इकडे नेदरलँड्समध्ये ५० सीसीच्या स्कूटरचे दोन वर्ग आहेत. निळ्या नंबरप्लेटची २५ किमीला बांधलेली, पिवळ्या प्लेटची ४५ला. इंजिन तेच असतं. कंपनी ते आवळून विकते आणि पोरं घरी आणून सोडवतात. आवळायच्या चार जागा. सायलेन्सरच्या गळ्यात भोक लहान करणारं वॉशर. कार्बोरेटरच्या तोंडाशी अरुंद नळी किंवा थ्रॉटल पूर्ण उघडू न देणारा अडथळा. सीडीआयमध्ये, म्हणजे प्लगची ठिणगी सांभाळणाऱ्या डबीत, इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांवर ठिणगी तोडायची सोय. आणि चौथी जागा व्हेरिएटर, म्हणजे गिअरचं काम करणारी बेल्टची पुली. पुढच्या पुलीच्या दोन तबकड्या पूर्ण जवळ येऊ नयेत म्हणून मधल्या बुशवर एक रिंग.

चारही जागांचा आवाज वेगळा. सायलेन्सर किंवा कार्बोरेटर आवळला असेल तर इंजिन गुदमरतं, फेऱ्याच वाढत नाहीत. सीडीआय तोडत असेल तर ठरावीक जागी फट्-फट्-फट् अडखळतं. व्हेरिएटर अडवला असेल तर फेऱ्या भरपूर, आरडाओरडा भरपूर, वेग मात्र तिथंच. शाहूपुरीकर, तुम्ही "ओरडतं" लिहिलंय, "घुसमटतं" नाही.

भारतात किनेटिक अशी बांधून विकत नव्हते. त्यामुळं रिंग असायचं कारण नाही. पण लक्षणं तीच दिसतात खरी.

पोलीस इकडे रस्त्यातच रोलरवर चाक फिरवून वेग मोजतात. शेजारच्या पोराची गाडी तिथं ८०ला गेली. तोंड बघण्यासारखं झालं होतं.

कलम_५२

"इंजिन सोडवा", "पोर्ट घासा" म्हणणाऱ्यांसाठी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९मध्ये तेच पुन्हा बजावलंय. शिवाय गाडी ९१ची आहे, १५ वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशन केलंय का? पीयूसीत २००० सालाआधीच्या टू-स्ट्रोकला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएमपर्यंत मुभा आहे, तीसुद्धा पोर्ट घासल्यावर पुरणार नाही.

आरएक्स_नाद

आले आरटीओ. हेल्मेट घालून टाइप करतोय हां मी.

विश्रामबागची

किनेटिक होंडा नाव वाचलं आणि थांबले. सांगलीत ९३-९४ला माझ्याकडे मरून रंगाची होती. किक नाही, गिअर नाही, साडी नेसूनही चालवता यायची. तोवर आम्हा मुलींच्या नशिबी लूना नाहीतर मागची सीट. विलिंग्डन कॉलेजच्या स्टँडवर पाच-सहा किनेटिक ओळीनं असायच्या आणि सगळ्यांच्या किल्ल्या थोड्या हलवल्या की एकमेकींना लागायच्या! मी दोनदा दुसरीचीच गाडी घेऊन आयर्विन पुलापर्यंत गेलेय.

विषयाला धरून एक. माझ्या धाकट्या भावाला बाबांनी बजाज सनी घेऊन दिली, तेव्हा मिस्त्रीला सांगून ॲक्सिलरेटरची केबल ढिली ठेवून घेतली होती. मूठ पूर्ण पिळली तरी कार्बोरेटर निम्माच उघडायचा. भावाला कळलं दोन वर्षांनी. त्यामुळं "कंपनी बांधून विकत नव्हती" हे ठीक, पण घरची माणसं काय करतील सांगता येत नाही.

भडंगवाला

ताई, तुमच्या बाबांना दंडवत.

एमआयडीसी_निवृत्त

मी सातारा एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्समध्ये होतो. तरुण मंडळींना माहीत नसेल, बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी १९७५ साली काढलेली कंपनी. प्रिया स्कूटर साताऱ्यात बनायची. आमच्या हातून टू-स्ट्रोक किती गेल्या याचा हिशेब नाही. किनेटिक आमची नव्हे, पण निवृत्तीनंतर घराच्या शेडमध्ये बऱ्याच खोलल्या.

बोअर-पिस्टन आत्ता करू नका. कॉम्प्रेशन गेलेली गाडी चाळीसपर्यंत झकास उचलत नाही, यवतेश्वरच्या पहिल्या चढाला मान टाकते. तुमची ओरडते, म्हणजे ताकद आहे, चाकापर्यंत पोचत नाही.

या गाडीला गिअर नाहीत, दोन पुल्या आणि बेल्ट आहे. फेऱ्या वाढल्या की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर फेकले जातात, तबकडी सरकवतात आणि बेल्ट पुलीच्या काठाकडे चढतो. जेवढा वर चढला तेवढा मोठा गिअर. आता बेल्ट घासून अरुंद झाला असेल तर तो खोल बसतो आणि काठापर्यंत पोचत नाही. रोलर एका बाजूनं चपटे झाले असतील तर अर्ध्यात अडकतात. नऊ वर्षं उभ्या गाडीत ग्रीस सुकून दगड झालेलं असतं, तेही एक.

तपासायची बिनखर्चाची रीत सांगतो. डावीकडचं कव्हर काढा. पुढच्या पुलीच्या आतल्या उतारावर, मध्यापासून काठापर्यंत मार्करनं रेघ मारा. कव्हर लावून दोन किलोमीटर पूर्ण पिळून चालवा, परत उघडा. बेल्ट जिथवर चढला तिथवर रेघ पुसलेली असेल.

आणि वडील म्हणतात "पडल्यापासून दम गेला". पडल्यानं हँडल वाकतं, फोर्क वाकतो. व्हेरिएटरला काय होणार? पडल्यावर गाडी दुरुस्तीला कुणी नेली होती, ते जरा विचारा.

दोन_घोट_चहा

काका, हा शेवटचा प्रश्न पोलीस पाटलासारखा आला.

प्लगसाफ

शिवाय पंख्याचं पत्र्याचं कव्हर उघडून बघ. पडवीतल्या गाडीत उंदरांचं बाळंतपण हमखास. घरटं तसंच राहिलं तर ब्लॉकला हवा लागत नाही आणि कासच्या वाटेवर पिस्टन धरतो.

आरएक्स_नाद

सगळे मिळून माझ्या पोर्टिंगवर गप्प बसलात. दोन मिलिमीटरनं काय बिघडतं ते सांगा की.

एमआयडीसी_निवृत्त

सांगतो. एक्झॉस्ट पोर्ट वर नेलं की ते लवकर उघडतं. ताकद वरच्या फेऱ्यांत जाते, खालची जाते. आरएक्सला गिअर आहेत, तुम्ही फेऱ्या वर ठेवून चालवता. इथं क्लच आणि रोलर कंपनीनं खालच्या फेऱ्यांना जुळवलेत. म्हणजे पोवई नाक्यावर सिग्नल सुटला की तुमची गाडी विचार करत उभी राहणार. मग हलके रोलर, मग क्लचची स्प्रिंग, मग कार्बोरेटर, मग सायलेन्सर. पोर्ट रुंद करायला गेलात तर पिस्टनची रिंग त्यात फुगून अडकते, तो खर्च आणखी वेगळा. एक दोरा ओढला की अख्खा स्वेटर.

सव्वातीन घोडे कुठं गेले म्हणता. ते हरवलेले नाहीत. शांत आवाज, मायलेज आणि पन्नास हजार किलोमीटर यांच्या बदल्यात सोडलेत.

आइंडहोव्हनचा_मिरजकर

विषय निघालाच आहे तर थोडा भरकटतो. टू-स्ट्रोकची खरी जादू सायलेन्सरच्या पोटात असते. पूर्व जर्मनीत झोपाऊ नावाच्या गावात एमझेडचा कारखाना होता, तिथला इंजिनिअर वाल्टर काडेन. पोर्टमधून सुटलेली दाबाची लाट रुंदावणाऱ्या नळीत गेली की मागं ओढ तयार होते आणि ताजं मिश्रण सिलिंडरमधून खेचलं जातं. त्यातलं थोडं बाहेरही निसटतं. पुढं नळी परत अरुंद होते, लाट आपटून उलटी येते आणि ते निसटलेलं मिश्रण पोर्ट मिटायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पत्र्याच्या दोन नरसाळ्यांनी केलेलं हे काम! १९६१पर्यंत त्यानं १२५ सीसीतून २५ घोडे काढले, म्हणजे लिटरला २००.

त्याच वर्षी त्याचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीनंतर पळाला, सगळी विद्या सुझुकीकडे घेऊन गेला आणि १९६२ला सुझुकीवर ५० सीसीचा विश्वविजेता झाला. बायकामुलांनाही गुपचूप सीमेपलीकडे काढलं होतं.

तेव्हा सायलेन्सरला "नुसता आवाज कमी करणारा डबा" समजून मधल्या जाळ्या फोडणाऱ्या आपल्या मित्रांनो, आवाज वाढतो, ताकद बहुतेक वेळा घटते.

आरएक्स_नाद

हे नरसाळ्याचं कुणी आधी सांगितलंच नव्हतं राव. मी दोन सायलेन्सरच्या जाळ्या फोडल्यात.

दोन_घोट_चहा

आवळलेल्या गाड्यांत आपली राजदूत ३५० विसरू नका. जपानची यामाहा आरडी ३५० म्हणजे ३९ घोडे. भारतात ८३ला आली ती ३०.५ची, नंतर मायलेजसाठी आणखी आवळून २७ची. तरी लोक तिला घाबरायचे. मामांकडे होती. मामी तिला सवत म्हणायची.

भडंगवाला

ऑइल किती घालताय? आमच्याकडं लिटरला २० मिली सरळ पेट्रोलमध्ये मिसळतात. किनेटिकचा तो ऑइल पंप बंद करून टाका, कधी दगा देईल नेम नाही.

प्लगसाफ

असहमत. पंप मूठ पिळेल तसं ऑइल कमीजास्त देतो, ते हातानं मिसळून साधत नाही. नळीत हवा राहिली असेल तर मात्र पंप चालूनही ऑइल येत नाही. नऊ वर्षांनी टाकी भरलीय म्हणजे हवा काढायलाच हवी. तोवर सुरुवातीच्या एक-दोन टाक्यांत थोडं ऑइल पेट्रोलमध्येही घाला. धूर होईल, शेजारी बोलतील, पिस्टन वाचेल.

भडंगवाला

हे पटलं. हवा काढणं आमच्या डोक्यातच नव्हतं.

शाहूपुरीकर

आठवड्यानं येतोय, माफी.

१. पंख्याच्या कव्हरमध्ये घरटं होतं. प्लगसाफ, तुम्ही ज्योतिषी आहात. आत आजोबांच्या २०११च्या कॅलेंडरचे तुकडे मिळाले.

२. सायलेन्सर सोड्यातून काढला. बादलीभर काळं पाणी निघालं. आवाज गोड झाला, ४८चे ५० झाले. बस.

३. रेघ मारली. काठापासून बोटाच्या नखाएवढी पट्टी पुसलीच नाही. त्याखालची लख्ख. बेल्ट दरवेळी तिथंच थांबतोय, भिंत असल्यासारखा.

काका, आता?

एमआयडीसी_निवृत्त

घासलेला बेल्ट किंवा चपटे रोलर असतील तर सीमा धूसर दिसते. भिंतीसारखी सरळ आहे म्हणता, म्हणजे आत काहीतरी टेकतंय. पुली उतरवा.

नट सोडताना पुलीच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवू नका, पाती तुटतात. धरायचं हत्यार मिळतं, नाहीतर इम्पॅक्ट गन असलेल्या पंक्चरवाल्याकडे जा. बसवताना मागची पुली दाबून उघडा, बेल्ट तिच्यात खोल बसवा, म्हणजे पुढं तो सैल राहतो. मगच नट आवळा. बेल्ट तबकड्यांत चिमटला गेला तर नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, दहा किलोमीटरवर ढिला होतो आणि क्रँकच्या आट्या जातात. मी दोन क्रँक असे गेलेले बघितलेत, दोन्ही वेळा मालक म्हणाला "घट्ट केला होता की".

शाहूपुरीकर

मंडळी, रिंग आहे.

कंपनीची नाही. लेथवर कातलेली पितळेची रिंग, बुशवर बरोबर बसवलेली, कड गोल केलेली. इतकं नीटस काम की पंक्चरवाला म्हणाला, "हे मूळचंच असेल, राहू द्या." कॅलिपरनं मोजली, जाडी चार मिलिमीटर.

फोटो बाबांना दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पडल्यावर हात गळ्यात होता, महिनाभर गाडीकडं बघितलं नाही. आजोबांनीच दुरुस्तीला नेली होती. परत आली तेव्हा पळेना, म्हणून बाबांनी दोन वर्षं तीन मिस्त्री केले. प्रत्येक वेळी आजोबा सोबत जायचे. मिस्त्रीशी आधी आजोबाच बोलायचे!

आजीला विचारलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मला ठाऊक होतं की."

विश्रामबागची

मी सांगितलं होतं ना.

दोन_घोट_चहा

तिन्ही मिस्त्री फितूर. साताऱ्याच्या इतिहासाला शोभेल असं.

आइंडहोव्हनचा_मिरजकर

इकडं कंपन्या सरकारी नियमासाठी हेच करतात, त्याच जागी, तशाच रिंगनं. तुमच्या आजोबांनी आणि त्या लेथवाल्यानं ९६ साली साताऱ्यात केलं.

कलम_५२

नोंद घ्यावी: रिंग कंपनीची नसल्यानं ती बसवणं हा बदल होता. काढणं म्हणजे गाडी मूळ रचनेत आणणं. माझी हरकत मागे घेतो.

आरएक्स_नाद

कलम साहेब, चहा माझ्याकडून.

शाहूपुरीकर

रिंग काढून चालवली. वाढे फाट्याला ६८, आवाज पूर्वीपेक्षा कमी. ओरडणं बंद. पण पाच किलोमीटर पूर्ण पिळून चालवल्यावर प्लग काढला तर टोक पांढरट आहे. चालेल का?

प्लगसाफ

चालणार नाही. बिस्किटासारखा तपकिरी हवा. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त, डोकं तापतंय. सायलेन्सर मोकळा झालाय, गाडी आता जोर लावून पळतेय, आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, तेही मिश्रण पातळ करतं. मेन जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी भोकाची तोटी) एक नंबर मोठा टाकून बघ. त्याआधी कार्बोरेटरखालचं पॅकिंग आणि क्रँकचं ऑइल सील हवा खात नाही ना ते पाहा. गाडी जागेवर उभी असताना आपोआप फेऱ्या वाढत असतील तर सीलच. नऊ वर्षांत रबर कडक होतं.

एमआयडीसी_निवृत्त

सहमत. आणि जेटच्या आधी ब्रेक. दहा इंची चाक, दोन्ही ड्रम, लायनर तीस वर्षांचं. यवतेश्वर उतरताना ही गाडी इंजिनावर फारशी थांबत नाही, फेऱ्या उतरल्या की क्लच सुटतो आणि मोकळी धावते. ४८ला जे लायनर पुरत होतं ते ६८ला पुरणार नाही. नवे लायनर, नव्या केबल, दोन्ही टायर. मग कास.

शाहूपुरीकर

लायनर आणि केबल आज टाकल्या. टायरची ऑर्डर दिलीय. जेट शोधतोय, कुणाकडे असेल तर कळवा.

रविवारी कासला मी जाणार नाही, बाबा जाणार आहेत. आजी मागं बसणार म्हणतेय.

भडंगवाला

रिंग टाकून दिली नाही ना? आतला-बाहेरचा व्यास कळवा. पोरगं मार्चमध्ये अठराचं होतंय, किनेटिक आमच्याकडंही आहे.

शाहूपुरीकर

माप घ्यायला गेलो तर रिंग जागेवर नाही. आजीच्या फडताळात असणार. रविवारनंतर विचारतो.